उसाकडे ओढणारी चाकं

समाधान ओव्हाळांच्या गाडीला इंजिन होतं, बॉडी होती, हॉर्न तर दोन होते. नव्हती ती फक्त चाकं. विटांच्या चार थप्प्यांवर ती गेले अडीच महिने पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सुप्रभात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबून एक सल्ला टाकून जात होता. पुण्यात दुसऱ्याचं काम पुरं करून द्यायची लोकांना फार हौस. पुरं करतात मात्र तोंडानं.

गाडी कुठल्या कंपनीची नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मोटारीचा भंगारातला सांगाडा, जीपचे अ‍ॅक्सल, टेम्पोचं इंजिन आणि समाधानरावांची डोकेफोड एकत्र केल्यावर जे तयार झालं, ते ही गाडी. लांब नाक, बसकं छप्पर, पुढची चाकं उघड्यावर. बंगळूरला असलेली त्यांची लेक निकिता व्हिडिओ कॉलवर किंचाळली होती, "बाबा, ही तर प्रॉपर हॉट रॉड आहे! सुपर कूल!" जुन्या सांगाड्यातून घरी केलेल्या गाड्यांना अमेरिकेत तसं म्हणतात म्हणे. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ काबरा मात्र तिला 'ते प्रकरण' म्हणत. "ओव्हाळ, ते प्रकरण कधी हलणार? नाही, घाई काही नाही. पुढच्या सभेत विषय पार्किंगमध्ये घ्यायचा की श्रद्धांजलीत, एवढंच विचारायचं होतं."

समाधानराव ऐकून घेत. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक म्हणून काढल्यामुळे टोमणे पचवायची सवय आणि मिलिमीटरवर श्रद्धा या दोन गोष्टी त्यांच्या अंगात मुरल्या होत्या. मिलिमीटर सोडून त्यांची दुसऱ्या कशावर श्रद्धा नव्हती. दर रविवारी विहारात ते मुलांपुढे अंधश्रद्धेवर बोलत. भूत, भानामती, मुहूर्त, उतारा, सगळ्यांची एकेक करून हजेरी घेत. 'ह्यांचं व्याख्यान चालू असताना भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकत नाही', असं त्यांची बायको ललिताबाई म्हणत.

ही सगळी उठाठेव होती ती तात्यांसाठी. तात्याराव म्हणजे समाधानरावांचे वडील, वय वर्षं शहाऐंशी. चौतीस वर्षं सरकारी ड्रायव्हर. जन्मभर साहेबांच्या गाड्या चालवल्या. स्वतःच्या मालकीची एक सायकल होती, तीही स्वारगेटला चोरीला गेली. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे कडेकडेनं मिटत चालले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या. तात्यांना ना काश्मीर बघायचं होतं, ना ताजमहाल. त्यांना घरच्या गाडीत मागच्या सीटवर बसून रस्ता बघायचा होता. जन्मभर पुढच्या काचेतून बघितला, आता एकदा बाजूच्या खिडकीतून बघतो, म्हणाले.

अट एकच. "चाकं नीट बसल्याशिवाय मी बसणार नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. चाक निघालं तर माणूस थांबतो."

दिवाळीला सव्वा महिना उरला होता.

मध्ये समाधानराव आरटीओत जाऊन नोंदणीचंही विचारून आले होते. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "गाडी कुठल्या कंपनीची?"

"मी बनवली आहे."

"म्हणजे कंपनी तुम्ही?"

"तसं म्हणा."

"मग कंपनीला सांगा, असली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही."

बाई नियमानं बोलत होत्या, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. राहता राहिला सोसायटीच्या मागच्या फाटकापासून मच्छिंद्रच्या शेडपर्यंत उसातून जाणारा पाऊण किलोमीटरचा खासगी रस्ता. मच्छिंद्र फॅब्रिकेशनची कामं करी. सोसायटीची जमीन मूळ त्याच्याच भावकीची; ती विकून उरलेल्या पट्ट्यात त्याचा ऊस, शेड आणि एक जुनी विहीर होती. गाडीची बॉडी त्यानंच वेल्डिंग करून दिली होती. पाऊण किलोमीटर तर पाऊण किलोमीटर, असं म्हणून समाधानराव चाकांच्या मागे लागले.

पहिली चाकं नाना पेठेतली. दुकानदारानं विचारलं, "गाडी कुठाय?"

"गाडी कशाला? नकाशा आणलाय." समाधानरावांनी काउंटरवर कागद पसरला. त्यावर हबच्या, म्हणजे चाक जिथं बसतं त्या तबकडीच्या, पाच नटांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक काढलेलं होतं.

दुकानदारानं कागदाकडे पाहिलं, मग समाधानरावांकडे. "मग चाकंही कागदावरच बसवणार का?"

चकचकीत अलॉयची चार चाकं घरी आली आणि त्यातलं एकही बसलं नाही. हबवरच्या नटांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं, चाकावरचं साडेचार. नकाशा खराब होऊ नये म्हणून समाधानरावांनी त्याची झेरॉक्स काढून नेली होती आणि झेरॉक्सवाल्यानं, सगळं एका कागदात मावावं म्हणून, तो प्रेमानं बारीक करून दिला होता. विकलेला माल परत न घेण्याबद्दलची पाटी दुकानात तीन भाषांत लावलेली होती. समाधानराव ती वाचून परत आले.

दुसरी चाकं भोकांना बरोबर बसली, पण ती इतकी आत जाऊन बसत की टायर स्प्रिंगवर घासून धूर निघे. तिसरी एवढी बाहेर आली की वळताना मागच्या मडगार्डनं टायरची साल काढली. "भोपळ्याची काढतात तशी," बद्रीनाथ काबरा म्हणाले. ते हे बघायला खास चहाचा कप घेऊन खाली आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी सुचवलं की पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत नवीन काही बसतच नाही. समाधानरावांनी त्यांना तिथल्या तिथे दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. वर तात्या गॅलरीत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून जवळच्या भिंतीवर लावायला सांगितलं. समाधानरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, कशापायी गावभर हिंडताय? माज्या शेडमागं जीपच्या चार रिमा पडल्यात. अ‍ॅक्सल जीपचा हाय तर चाक बी जीपचंच बसंल की!"

कडब्याखालून रिमा निघाल्या. सोळा इंची, लोखंडी, पाच भोकांच्या. समाधानरावांनी टेप लावला, कॅलिपर लावला, आत किती, बाहेर किती, वाकडेपणा किती, गंज किती खोल, सगळं वहीत उतरवलं. भोकांचं वर्तुळ साडेपाच इंच. बैठक केसभरही इकडची तिकडे नाही. त्यांनी सगळं विचारलं. एकच विचारलं नाही की या कुणाच्या. वस्तूला माप असतं, इतिहास नसतो, हे ते विहारात नेहमी सांगत. माणूस आपल्याच वाक्यांवर विश्वास ठेवायला लागला की असं होतं.

रंग वाळायला रिमा दिवसभर उन्हात ठेवल्या. संध्याकाळी उचलायला गेले तर चारही माठाच्या बुडासारख्या गार होत्या. जाड लोखंड उशिरा तापतं, असं समाधानरावांनी मच्छिंद्रला समजावलं. "आसंल," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं हात पँटला पुसले.

सहाशे-सोळा मापाचे नवे टायर चढवले. पहिलं चाक हबपाशी नेलं आणि ते समाधानरावांच्या हातातून आपलं आपण सरकून बसलं. पाचही नट नुसत्या बोटांनी फिरले.

"वळखीच्या घरात शिरल्यागत गेलं की हो," मच्छिंद्र हळूच म्हणाला.

समाधानरावांना इतका आनंद झाला होता की त्यांनी ते ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच फेरी मारून आले. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. चारशे पावलं गेली आणि स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. तिथे उसात शिरणारी एक जुनी, गवत माजलेली बैलगाडीवाट होती. दोन्ही हातांनी धरून समाधानरावांनी गाडी सरळ नेली. वाट मागे पडली तशी ओढ बंद. चाकांचं अलाइनमेंट असणार. निकितानं फोनवर सांगितलं, "बाबा, टो-इन चेक करा, प्रेशर चेक करा." त्यांनी पुढच्या चाकांची तोंडं आणि हवा, दोन्ही तपासलं. डावी चाकं उजवीकडे आणि उजवी डावीकडे टाकली. पुन्हा फेरी, पुन्हा तीच जागा, पुन्हा डावीकडे.

परत येताना मात्र त्याच जागी गाडी उजवीकडे ओढू लागली.

समाधानरावांनी गाडी थांबवली. अलाइनमेंट बिघडलेली गाडी एकाच बाजूला ओढते. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढणारी गाडी अलाइनमेंटच्या पुस्तकात नव्हती. उसाचं पान हलत नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'रस्त्याला उतार असावा', आणि 'असावा' खाली रेघ मारली.

त्या दिवशी दुपारी साडेचारला इंटरकॉम वाजला. "ओव्हाळ, तुमचं प्रकरण दार उघडं टाकून उभं आहे. डास जातील आत."

मागचं डावं दार उघडं होतं. समाधानरावांनी लावलं, कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी साडेचारला पुन्हा इंटरकॉम. दार उघडं, शिवाय पुढची काच स्वच्छ पुसलेली. तिसऱ्या दिवशी दार उघडं, काच पुसलेली, आणि चाकांना अडण म्हणून लावलेल्या आठ विटा काढून भिंतीशी दोन-दोनच्या चार थरांत नीट रचून ठेवलेल्या. नव्या टायरांना ओली काळी माती लागली होती. पार्किंग सगळं सिमेंटचं होतं आणि किलोमीटरचा काटा एक आकडाही सरकलेला नव्हता.

आता सल्ल्यांना ऊत आला. कुणी काळी बाहुली म्हणालं, कुणी गाडीचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. बद्रीनाथ काबरांनी चार लिंबं आणून बॉनेटवर ठेवली. "चाकांखाली ठेवा आणि एकदा गाडी पुढे घ्या."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, काबरा."

"तुमचा नाही हो. पण लिंबाला कुठे माहितीये?"

समाधानरावांनी ती लिंबं वर नेऊन ललिताबाईंना दिली आणि सरबत करायला सांगितलं. स्वतः मात्र त्यांनी पेला तसाच ठेवला. ललिताबाईंनी तो उचलून फ्रिजमध्ये ठेवला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला केव्हा काही विचारू नये हे त्यांना बरोबर कळलं होतं.

बुधवारी दुपारी चार वाजता समाधानराव प्लॅस्टिकची खुर्ची, वही आणि घड्याळ घेऊन गाडीसमोर जाऊन बसले. निरीक्षण हा शास्त्राचा पाया आहे, हे सांगायलाही तिथे कुणी नव्हतं. अख्खी सोसायटी दुपारची झोपली होती. पडदे ओढलेले, पंपाची मोटर बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ऊन असं टळटळीत पडलं होतं की सावल्याही जागच्या हलत नव्हत्या. मागच्या फाटकापलीकडे दिवसभर सळसळणारा ऊस एकाएकी गप्प झाला. मग विडीचा वास आला.

मागच्या डाव्या दाराचा दांडा हळूच खाली गेला. दार उघडलं. वाऱ्यानं उघडतं तसं धाडकन नाही. कुणीतरी धरून, एक माणूस आत बसू शकेल एवढंच, आणि तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पुढे स्टिअरिंग डावीकडे फिरलं आणि तेही थांबलं. आत कुणी नव्हतं. कुणी नाही हे समाधानरावांना इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यांच्या पाठीवरून घामाची एक धार उतरली.

त्यांनी लिहिलं: '४.१० दार. ४.११ स्टिअरिंग. वारा शून्य. हात थरथरतो आहे, कारण बहुधा साखर वाढली.'

मग ते उठले आणि पाना आणून चाकं काढायला बसले. बोटांनी बसलेले नट चार फुटी पाइप लावूनही हलेनात. वीसपैकी एकही नाही.

घाम पुसत ते मच्छिंद्रच्या शेडवर गेले आणि जो प्रश्न आठ दिवसांपूर्वी विचारायचा तो विचारला. "त्या रिमा कुणाच्या?"

"त्या? सरकारी जीपच्या. हिरीतल्या पान्याची पातळी मोजाया यायची न्हवं का? मी धा वर्साचा आसंन. साहेब आमच्या हिरीपाशी उतरलं, डायवरला म्हनलं, थांब, आलोच. हीर बगितली आन् तिकडच्या तिकडं कुणाच्या तरी मोटारीत बसून गेलं. इसरून गेलं. डायवर थांबला. सांजच्याला आमचा म्हातारा म्हनला, आरं, साहेब गेलं, तू बी जा. तर म्हनला, साहेब थांब म्हनल्यात." मच्छिंद्रनं हातातलं ग्राइंडर खाली ठेवलं. "सकाळी जाऊन बगितलं तर तसाच बसल्याला. हात स्टेरिंगवर. हार्ट बंद पडलं म्हनं. मागचं दार उगडंच व्हतं. फुडं जीप लिलावात निगाली, म्हाताऱ्यानं पंपासाठी इंजिन म्हनून घेतली. रिमा ऱ्हायल्या."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी निस्तं माप घेत व्हता."

समाधानराव आल्या वाटेनं परत निघाले.

घरी येऊन त्यांनी तात्यांना एवढंच सांगितलं की चाकं पुन्हा बदलावी लागतील, महिनाभर तरी जाईल. तात्यांचा चेहरा पडला. मग ते काठी घेऊन उठले. "मला खाली ने. काय बिघडलंय ते मला बघू दे."

खाली त्यांनी गाडीभोवती फेरी घातली, प्रत्येक टायरला जुन्या सवयीनं पायानं ठोकलं आणि कान दिला. पुढे काचेशी गेले, नाक काचेला लागेपर्यंत वाकले. "ही काच कुणी पुसली?"

"मी," समाधानराव म्हणाले.

"तू गोल गोल पुसतोस. ही उभी पुसलीय, वरून खाली, कोपरा न सोडता. सरकारी ड्रायव्हरचा हात आहे हा." तात्यांनी मान वळवली. "खरं काय ते सांग, समाधान."

एकतीस वर्षं नोकरी आणि वीस वर्षं विहारात प्रबोधन केलेल्या माणसानं मग मान खाली घालून सगळं सांगितलं. दार, विटा, माती, विहीर. सांगताना त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी भीतीही आधी वाटली नव्हती. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बजरंग," ते म्हणाले. "कचेरीसमोरच्या चिंचेखाली आमच्यातच उभा असायचा. साहेब मीटिंगला गेले की आम्ही सगळे तिथं. कमी खाणारा, कमी बोलणारा. कुठल्याशा विहिरीपाशी वारला एवढंच आम्हाला कळलं होतं." मग म्हणाले, "लॉगबुकात निघाल्याची वेळ असेल. परतल्याची नसेल, साहेबाची सही नसेल. फेरी बंद झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सोडत नाही. उद्या चार वाजता निघू."

"तात्या, मी तुम्हाला या गाडीत बसवणार नाही."

"का? चाकं बसलीत की. अशी बसलेली चाकं मी जन्मात बघितली नाहीत."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सकाळीच अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि चार वाजेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिले. समाधानराव गॅलरीतून पार्किंगकडे आणि पार्किंगमधून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. ललिताबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

मागच्या डाव्या सीटवर तात्या बसले, स्टिअरिंगवर समाधानराव. फाटक मागे पडलं. चारशे पावलांवर स्टिअरिंग ओढू लागलं. समाधानरावांनी आधी ते घट्ट धरलं, मग आरशात तात्यांकडे पाहिलं आणि हात सोडले. गाडी गवतातून उसात शिरली. दोन्ही बाजूंनी पाती काचेवर घासत होती, आत उजेड हिरवा झाला होता आणि विडीचा वास येत होता. लोखंडी जाळी टाकलेल्या एका विहिरीपाशी गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. मागचं डावं दार उघडलं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तात्या खाली उतरले. "तूही उतर. मागे बस, उजवीकडे. पुढची जागा त्याची आहे."

समाधानराव निमूट मागे जाऊन बसले. मागून त्यांना पुढची रिकामी सीट दिसत होती. रेक्झिनवर मध्यभागी खड्डा पडला होता, कुणीतरी बसल्यावर पडतो तसा.

तात्या काठी टेकत विहिरीपर्यंत गेले. जाळीवरून खाली वाकून पाहिलं. मग वळले आणि गाडीकडे आले. येताना त्यांची चाल बदलली होती. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा पोट जरा पुढे काढून, घाईत असल्यासारखा येत होता. चौतीस वर्षं त्यांनी साहेबांची ही चाल आरशातून पाहिली होती. ते आत बसले, दार ओढून घेतलं आणि तोंड उघडलं. शब्द फुटेना. मागच्या सीटवरून तो शब्द त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता.  समाधानरावांनी त्यांचा हात धरला.

"उशीर झाला," तात्या म्हणाले. "चला."

इंजिन सुरू झालं. गियर न खरखरता पडला, गाडी एकाही पात्याला न लागता मागे आली आणि वाटेला लागली. समाधानरावांना स्वतःला अशी कधी काढता आली नव्हती. ते पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते आणि पुढच्या रविवारी मुलांना काय सांगायचं याचा विचार करत होते. काही सुचत नव्हतं.

तात्या खिडकीतून बघत होते. ऊस, बांधावर एक बगळा, विजेचे खांब, मच्छिंद्रच्या शेडवरचे निळे पत्रे, पाठीवर दप्तर टाकून शाळेतून परतणाऱ्या दोन पोरी. जेवढं दिसत होतं तेवढं सगळं ते मान वळवून वळवून बघत होते आणि एकेकाचं नाव घेत होते. गाडी हळू चालली होती. कुणीतरी त्यांना बघू देत होतं.

फाटकात बद्रीनाथ काबरा उभे होते. गाडी त्यांच्यापुढे थांबली. त्यांनी आधी मागच्या सीटवरच्या दोघांना पाहिलं, मग पुढची रिकामी सीट पाहिली. मग फिरणारं इंजिन ऐकलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण तीन वर्षांच्या सेक्रेटरीपदाची सवय जाईना.

"ड्रायव्हर कोण?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बजरंग," तात्या म्हणाले.

काबरांनी फाटक धरलं. "बाहेरच्या ड्रायव्हरांना आत थांबायची परवानगी नाही."

"थांबणार नाही तो," तात्या म्हणाले. काबरा बाजूला झाले.

पार्किंगमध्ये आपल्या जागी गाडी सरळ लागली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, इंजिन बंद झालं. तात्या पुढे सरकले आणि रिकाम्या सीटच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"परत, चार वाजून तीस मिनिटं," ते म्हणाले. "फेरी बंद. मी बघितलीय, सही माझी." "बजरंग, जेवलास का?"

सीटवरचा खड्डा सावकाश भरून आला. पुढचं दार उघडलं, आणि मागच्या माणसाला धक्का लागू नये इतक्या बेतानं बंद झालं. विडीचा वास गेला. पलीकडे ऊस पुन्हा सळसळू लागला.

तात्या रडत होते. "चौतीस वर्षं, समाधान. रात्री दीड-दीडला साहेबांना घरी सोडलं. चांगली माणसं होती, वाईट नव्हती. पण एकानं कधी विचारलं नाही."

सबंध अडीच महिने समाधानरावांनी इंच मोजले होते, नट मोजले होते, दिवाळीचे दिवस मोजले होते. आजही सकाळपासून ते वर-खाली धावत होते आणि म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसून होता.

"तात्या," त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

तात्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"नाही रे," ते म्हणाले. "कधीचा थांबलोय."